रिकाम्या घरांतला राहता माणूस

मालकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एकाच वेळी वीसेक घरांत राहत होते.

हे वाक्य मी पूर्ण शुद्धीवर असताना लिहितो आहे. झालं असं की आमच्या जुन्या इमारतीसमोर एक काचेचा टॉवर उभा राहिला. तो वाढत गेला तसं आमच्या गॅलरीतलं आकाश हप्त्याहप्त्याने जप्त झालं. पुढे पुढे तर आकाश बघायचं म्हणजे गॅलरीच्या कठड्यावर पाठ टेकून, मानेचा मणका पणाला लावून वर बघावं लागे. टॉवरमधली सगळी घरं विकली गेल्याची मोठी पाटी लागली, पाटीवर हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र आलं, पण प्रत्यक्षात हसायला किंवा रडायला कुणी आलंच नाही. संध्याकाळ झाली की अख्खा टॉवर काळाठिक्कर. आणि त्या काळोखात फक्त एक दिवा.

तो आधी खालच्या मजल्यावर लागे. पडदा सरके. एक गृहस्थ खिडकीत येऊन, हात मागे बांधून, खालचं शहर आपल्याच आजोबांनी मोकळ्या वेळात बांधलंय अशा थाटात उभे राहत. मग तिथला दिवा मालवे आणि वरच्या मजल्यावर लागे. पुन्हा पडदा, पुन्हा तेच गृहस्थ. असं करत करत ते पार ढगांपर्यंत जात.

"अगं, अख्खा टॉवर या एकाच माणसाचा आहे!" मी बायकोला गॅलरीत बोलावून दाखवलं. "एका मजल्यावर चहा पितो, दुसऱ्यावर कप ठेवतो, तिसऱ्यावर तोंड पुसतो."

"तुम्ही तिन्ही माझ्या ओट्यापाशी करता," बायको म्हणाली, "आणि कप तिथेच ठेवता. आत या."

पण मला चैन पडेना. एवढा पैसा असलेला माणूस एका घरात का टिकत नसेल? त्याला झोप लागत असेल का? लागत असेल तर नेमकी कितव्या मजल्यावर? सकाळी चपला सापडत असतील का? मी त्याच्यासाठी एक दुःखी बालपण, दोन घटस्फोट आणि एक जहाज कंपनी मनातल्या मनात तयार करून ठेवली.

आणि मग एका रविवारी ते मला न्हाव्याच्या दुकानात दिसले. मी खुर्चीत होतो. अर्धा गाल झालेला, अर्ध्यावर फेस. समोरच्या आरशात मागचं बाकडं दिसत होतं आणि त्या बाकड्यावर, पेपरातली कोडी वाचत, साक्षात जहाज कंपनी बसलेली! वस्तरा गळ्यापाशी होता म्हणून, नाही तर मी ताडकन उभाच राहिलो असतो. त्यांच्या शर्टाची कॉलर झिजून उलटवलेली होती. मी लगेच समजलो, खरे श्रीमंत असेच साधे असतात.

"साहेब," वस्तरा गळ्यावरून हलताच मी फेसासकट उठून म्हणालो, "तुम्ही आधी बसा. माझं काय, सावकाश होईल."

ते बसले. मुळीच संकोच न करता. दुसऱ्याच्या खुर्चीत, पलंगावर, सोफ्यावर निःशंकपणे बसणं हा त्यांच्या पोटापाण्याचा उद्योग होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

न्हावी मात्र वस्तरा बाजूला ठेवून हसायला लागला. "अहो, मालकांना साहेब काय म्हणता? तुमच्या मागच्या गल्लीत राहतात. एका खोलीत चौघं."

"मग वर टॉवरमध्ये?"

"वर? वर ते नळ सोडतात."

त्या दिवशी दोघांची दाढी होईपर्यंत मी त्यांना असं काही विचारून घेतलं की न्हाव्याने शेवटी दुकानाचं अर्धं शटर ओढलं.

प्रकार असा होता. टॉवरमधली घरं ज्यांनी घेतली त्यांची आणखीही घरं होती. हे घर त्यांनी राहायला घेतलंच नव्हतं. भाव वाढतात म्हणून घेतलं होतं. पण घर ही वस्तू लोणच्यासारखी बरणीत घालून ठेवता येत नाही. माणूस नसला की ते नासतं. मोरीच्या जाळीखालचं पाणी सुकतं आणि गटाराचा वास सरळ दिवाणखान्यात येऊन बसतो. नळ धरतात, फ्लशच्या टाकीतलं रबर कडक होतं, बिजागऱ्या कुरकुरतात. म्हणून टॉवरच्या मॅनेजरने एक राहता माणूस पगारावर ठेवला. त्याने रोज काही घरांत जायचं, नळ सोडायचे, फ्लश ओढायचे, दिवे लावायचे, पडदे उघडून बंद करायचे आणि खिडकीत थोडा वेळ उभं राहायचं. उभं राहायचं ते रस्त्यावरून जाणाऱ्यांना इमारत रिकामी वाटू नये म्हणून. हा शेवटचा भाग मॅनेजरच्या सुपीक डोक्यातून निघालेला, आणि मी तर त्याचा पहिलाच बळी.

"गरिबाच्या घरात माणसांचा वास येतो," मालक म्हणाले, "श्रीमंताच्या घरात माणसं नसल्याचा. दुसरा जास्त वाईट."

गल्लीत त्यांना सगळे मालकच म्हणत. सुरुवातीला चेष्टेने, मग सवयीने. त्यांचे सासरेसुद्धा "मालक, जरा माझा चष्मा बघा" असं म्हणत. आधी मालक दोऱ्याच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडून त्या जागेवर मॉल आला. मग बरीच वर्षं आज हे, उद्या ते, परवा काहीच नाही, असं चाललं होतं. ही नोकरी लागली आणि घरात पुन्हा महिन्याला महिना जोडून विचार करता येऊ लागला. त्यामुळे मालक ती जिवापाड जपत.

त्यांचा एकच नियम होता. "वापरायचं, पण उपभोगायचं नाही." एका घरात कॉफीचं यंत्र होतं. ते आठवड्यातून एकदा चालवलं नाही तर आतून धरतं. मालक कॉफी काढत आणि सिंकमध्ये ओतत.

"एक घोटही नाही?" मी विचारलं.

"चव लागली तर मग घरचा चहा कसा पिऊ?"

दुसऱ्या घरात चालायचा पट्टा होता. मालक बसचं भाडं वाचवायला पुलापलीकडून साबणाचं सामान घेऊन पायी येत आणि आल्या आल्या वातानुकूलित खोलीत त्या पट्ट्यावर पुन्हा चालत. पट्टा गंजू नये म्हणून. तिसऱ्या घरात एक काचेचा डबा होता आणि त्यात मनगटी घड्याळं गोल गोल फिरत असत. ती घड्याळं हाताच्या हालचालीवर चालणारी, आणि हात परदेशात.

"म्हणजे त्या घड्याळांना वाटतं की आपण कुणाच्या तरी हातात आहोत?"

"तसंच," मालक गंभीरपणे म्हणाले. "आम्ही दोघं एकाच कामावर आहोत."

आता गालिच्याचं प्रकरण. त्यासाठी आधी वहिनींची कंबर सांगायला हवी. वहिनी, म्हणजे मालकांच्या मंडळी, एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीला. दिवसभर उभं राहून राहून कंबर अशी धरे की घरी येऊन खाली बसल्या तर उठताना आधी मुलीला हाक मारावी लागे, मग वडिलांना. डॉक्टरने सांगितलं, गरम पाण्यात बसत जा. डॉक्टरला काय जातंय! घरात बसण्याएवढं भांडं एकच होतं आणि त्यात धान्य होतं.

अशात मालकांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. ते घरी खरं बोलले. वरच्या मजल्यावरच्या एका घरात बुडून बसायचा मोठा टब आहे, त्याला बाजूने पाण्याला गुदगुल्या करणारी भोकं आहेत, आणि ती बुजू नयेत म्हणून आपण दर आठवड्याला तो गरम पाण्याने काठोकाठ भरतो, यंत्र चालवतो आणि मग सोडून देतो, हे त्यांनी जेवता जेवता सांगून टाकलं.

वहिनींचा घास हातातच राहिला. "माझ्या कमरेला तुम्ही रुमाल गरम करून लावता. आणि तिकडे भरलेला हौद गटारात सोडता?"

"तो हौद आपला नाही गं."

"गटार तर आपलं आहे ना? समजा, मीच गटार."

सासरेबुवांनी यावर जोरात मान डोलावली. ते निवृत्त पोस्टमन. कुणाची वस्तू कुणाला मिळावी याबद्दल त्यांची मतं पक्की होती. शेवटी, सफाईवाली रजेवर गेली त्या आठवड्यात मालकांनी मॅनेजरला विचारलं, "सफाईला माझी बायको आणू का?" मॅनेजर फोनवर होता. त्याने हात हलवला. तो हो म्हणून हलवला की माशी हाकलायला, याचा खल मालकांनी केला नाही.

त्या दुपारी काय घडलं ते मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं, त्यामुळे दोन्ही खरं असावं. वहिनींनी आधी घर झाडून पुसून लख्ख केलं, कारण "फुकट आंघोळ मी करणार नाही." मग त्या टबात बसल्या. मालक दाराबाहेर, पाठ करून, एखाद्या तिजोरीवर पहारा द्यावा तसे उभे.

"झालं का?"

"अहो, अजून गुडघे तरी भिजू देत मनासारखे."

"आता?"

"तुम्ही वर जा बरं. वरच्या घराचे फ्लश ओढा. माझ्यावर पहारा कसला देताय!"

मालक वर गेले. पुढचा अनर्थ तेवढ्या वेळात झाला. वहिनी बाहेर आल्या, कपडे केले, कंबर वाकवून बघितली तर वाकत होती. आता टबाचं बूच काढायचं. बुचाची साखळी हातात धरली आणि हात पुढे जाईना. टबभर पाणी. अजून गरम. वर साबणाचा फेस. ज्या बाईने धुण्याचं पाणी फरशीला, फरशीचं पायरीला आणि पायरीचं कुंडीला घातल्याशिवाय कधी सोडलं नाही, तिला ते पाणी नुसतं सोडून देणं म्हणजे पाप वाटलं. धुण्यासारखं काहीतरी हवं, म्हणून त्यांनी घरभर नजर फिरवली. सगळं कोरं, पांढरं, चकचकीत. फक्त दिवाणखान्यात एक गालिचा. मळकट, विटका, उतरलेल्या चहाच्या रंगाचा.

"एवढं श्रीमंत घर," वहिनी मला म्हणाल्या, "आणि गालिच्याची ही दशा! मला मेलीला दयाच आली."

मालक खाली आले तेव्हा गॅलरीच्या कठड्यावर एक लालभडक गालिचा निथळत होता. त्यावर निळे पक्षी होते. वहिनी बाजूला उभ्या, चेहऱ्यावर केवढा अभिमान.

"बघा! आत पक्षी होते, आणि कुणाला पत्ताच नाही!"

मालकांनी आधी खाली रस्त्यावरून कुणी बघत नाही ना ते पाहिलं. कारण तो गालिचा टाकताना सजावटवाल्या बाईंनी काय सांगितलं होतं ते त्यांना लख्ख आठवत होतं. गालिचा नवाच होता. पण शंभर वर्षं जुना दिसावा म्हणून तो कारागिरांकडून मुद्दाम धुळीत तुडवून, चहाच्या रंगाच्या पाण्यात बुडवून मळवून घेतला होता. किमतीतली मोठी रक्कम त्या म्हातारपणाची होती.

"म्हणजे मळवायचे पैसे?" वहिनींनी विचारलं.

"हो."

"आणि मी इतकी वर्षं मळ काढायचे घेतेय! चुकीच्या टेबलाला उभी राहिले मी."

पण हसण्याची वेळ नव्हती. घर घेतल्यापासून पहिल्यांदाच त्या घराचे खरे धनी यायचे होते, पुढच्याच महिन्यात. त्याआधी सजावटवाल्या बाई येऊन घर बघून जाणार. लाल गालिचा आणि निळे पक्षी त्यांच्या नजरेस पडले की मालकांची नोकरी गेलीच. मालकांनी मॅनेजरला सांगितलं, गालिचा ओला झालाय, वाळवायला नेतो. यातला शब्दन्‌शब्द खरा होता. मॅनेजरने पुन्हा हात हलवला.

बेत साधा होता. कारागिरांना जे मुद्दाम करावं लागलं ते मालकांच्या खोलीत आपोआप होतं. तिथे कुठलीही नवी वस्तू हां हां म्हणता जुनी होते. गालिचा खोलीत पसरला. खोली संपली तरी गालिचा संपेना, म्हणून उरलेला भिंतीवर चढवला. मग मालक स्वतः घरोघर गेले. "या ना जरा आमच्याकडे. चालायला."

मीही गेलो. एवढी विचित्र संधी सोडणाऱ्यातला मी नव्हे. दाराबाहेर चपलांचा हा ढीग! गल्लीतली प्रत्येक व्यक्ती त्या गालिच्यापाशी आली, एक पाऊल मागे सरली आणि चपला काढून आत गेली. दोन बायका तर पाय धुऊन आल्या होत्या.

"अहो, चपला घालून या! चिखल असेल तर उत्तम!" मालक दारात उभे राहून गयावया करत होते.

"छे हो, एवढ्या भारी वस्तूवर?" लोक म्हणत आणि कडेकडेने, चवड्यांवर, श्वास रोखून चालत. पहिल्या आठवड्यानंतर गालिचा आणला होता त्याहून स्वच्छ झाला.

मग चहा सांडायचं ठरलं. मुलीने सगळ्यांना कप दिले आणि सवयीने प्रत्येकाच्या कपाखाली बशीही दिली. सासरेबुवांनी कप तिरका केला, पुन्हा सरळ केला. "माझ्याच्याने नाही होणार. आयुष्यभर दुसऱ्याच्या वस्तू न भिजवता पोचवल्या मी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वास्तविक माझा लौकिक मोठा. मी चहा सांडला नाही असं टेबल आमच्या नातेवाइकांत एकही नाही. सोयरिकी जुळवताना मला घोटभर पाणीसुद्धा लांब बसवून देतात. पण त्या दिवशी माझा हात दगडासारखा स्थिर. कप कलता कलेना. निळे पक्षी खालून माझ्याकडे बघत होते. चहा मी पिऊन टाकला.

"तुम्ही पण ना!" वहिनी म्हणाल्या. "नको तेव्हा सांडता."

मला मात्र वेगळंच कुतूहल. मी काही ना काही निमित्त काढून रोज त्या खोलीत डोकावू लागलो. सासरेबुवा त्यावर दुपारचे लवंडत आणि उठल्यावर पहिल्यासारखे कण्हत नसत. मुलगी पुस्तक घेऊन भिंतीवर चढलेल्या भागाला टेकून बसे. वहिनी पक्ष्यांना नावं ठेवत, म्हणजे एक आळशी, एक भांडकुदळ, एक शेजारणीसारखा. आणि एका सुट्टीच्या दुपारी गेलो तर खुद्द मालक त्यावर आडवे. कॉफी ओतून देणारा, पलंगांवर फक्त गादी दबावी म्हणून बसणारा तो माणूस पालथा पडून गाढ झोपला होता. गालावर गालिच्याची नक्षी उमटली होती.

ते जागे झाल्यावर मी विचारलं, "कसं वाटतं हो?"

त्यांनी गालावरची नक्षी चाचपली. मला वाटलं आता गरिबी, श्रीमंती, आयुष्य असलं काहीतरी ऐकायला मिळणार.

"मऊ आहे," ते म्हणाले.

दिवस जवळ आले तसा वहिनींनी पदर खोचला. गच्चीवर चुलाणं मांडून मोठ्या पातेल्यात चहाची पूड उकळली, गालिचा पसरला, डोळे मिटले आणि ओतलं. पक्षी बुडाले. पण कारागिराचा हात वेगळा आणि घरचा वेगळा. एका बाजूला गालिचा शंभर वर्षांचा दिसू लागला, मध्ये साठ-सत्तरचा, आणि एका कोपऱ्यात कुणाच्या हातून किटली निसटल्यासारखा. एक निळा पक्षी तर आपल्या लालभडक तुकड्यातून तसाच डोकावत राहिला.

"हा भांडकुदळ," वहिनी म्हणाल्या. "हा ऐकायचा नाही."

दोघांनी तो गालिचा परत नेऊन अंथरला. वाईट कोपरा सोफ्याखाली सारला आणि भांडकुदळ पक्ष्यावर एक जड कुंडी ठेवली. सजावटवाल्या बाई आल्या त्या सकाळी मालकांनी घरी सांगून ठेवलं होतं, "दुपारी लवकर आलो तर काही विचारू नका." बाई आत आल्या तसे ते न्हाणीघरात जाऊन विनाकारण नळ सोडत बसले. बाई सगळीकडे फिरल्या, गालिच्यावरून दोनदा चालत गेल्या, टाचांच्या बुटांनी. खिडकीचे पडदे त्यांना जरा पिवळट वाटले. गालिच्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मालकांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण ते थोडे दुखावल्यासारखे वाटले.

"एवढे सगळे चाललो त्याच्यावर," ते म्हणाले. "निदान विचारायचं तरी, हा डाग कसला."

घराचे धनी ठरल्या दिवशी आले. मालक दाराशी उभे होते. धनी आत आले, सगळ्या खोल्या बघितल्या, सोफ्यावर टेकले, एक फोन घेतला. मग बरोबर आलेल्या बायकोला म्हणाले, घर छान आहे, पण इथे कुणी राहतंय असं वाटत नाही. आणि ते हॉटेलात राहायला गेले.

पुढच्या महिन्यात त्यांनी घर विकलं. घेणाऱ्याने ते फोनवर फोटो बघून घेतलं आणि सगळं सामान ट्रकमध्ये घालून कुठेतरी पाठवून दिलं. गालिच्याचं काय झालं ते मालकांना ठाऊक नाही. वर्षअखेरीस टॉवरमध्ये आपोआप नळ सोडणारी यंत्रं बसली आणि मालकांना कामावरून कमी केलं. हल्ली ते एका दवाखान्याबाहेर गाड्या लावून देतात. पगार थोडा कमी आहे.